झाकली मूठ उघडणारं गाव : ब्यावर

राजस्थानच्या सहलीच्या यादीत ब्यावर कुणी लिहीत नाही. जयपूर, पुष्कर, अजमेर, मग थेट नाथद्वारा आणि उदयपूर, अशी आपल्याकडच्या कुटुंबांची ठरलेली वाट. गंमत म्हणजे अजमेरहून नाथद्वाऱ्याला जाणारा रस्ता ब्यावरमधूनच जातो. आपल्या इंदूर-उज्जैनची कितीतरी मंडळी श्रीनाथजींच्या दर्शनाला जाताना या गावातून गेली असतील. फार तर तिळपट्टीचा डबा घ्यायला गाडी थांबवली असेल, तेवढीच ओळख.

यंदा आम्ही मुद्दाम ब्यावरसाठी दोन दिवस ठेवले. बरोबर माझा भाचा होता, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातला. मतदार यादीत नुकतंच नाव लागलेला, पण मतदानाबद्दल विशेष उत्साह नसलेला. "मामा, कुणालाही मत द्या, फाइल तिथंच अडकते," हे त्याचं आवडतं वाक्य. सरकार, महापालिका, सगळ्या कचेऱ्या म्हणजे एक बंद दार आहे, ते ओळखीनं किंवा पैशानंच उघडतं, असं त्याच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना वाटतं. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? घरात आपण मोठी माणसंही चहा पिताना हेच बोलत असतो. त्याला भाषण देण्यापेक्षा एक जागा दाखवावी, एवढाच माझा हेतू होता.

इंदूरहून रतलाम, मंदसौर, नीमच, चित्तोडगड, भिलवाडा करत रेल्वे अजमेरला पोचते. तिथून ब्यावर साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर. गाव इंग्रजांनी वसवलेलं, 1830 च्या दशकातलं. कर्नल डिक्सन या अधिकाऱ्यानं आखलेलं, म्हणून रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात आणि चार दिशांना चार दरवाजे आहेत : अजमेरी गेट, मेवाडी गेट, सूरजपोल गेट आणि चांग गेट. भोवती अरवलीच्या उघड्या टेकड्या आणि दगड दळणारे कारखाने. एके काळी हे कापडगिरण्यांचं गाव होतं. गिरणी बंद पडल्यावर गावाचं काय होतं, हे आपल्या इंदूरकरांना वेगळं सांगायला नको. इथल्या एडवर्ड मिलचं नाव मात्र कायद्याच्या पुस्तकात राहिलं आहे. किमान वेतनाच्या दरांना या गिरणीनं दिलेलं आव्हान 1954 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं आणि तिथं फेटाळलं गेलं. मजुराला ठरलेली मजुरी मिळालीच पाहिजे, हा विषय या मातीत जुना आहे.

चांग गेटपाशी गेलात तर पहिल्यांदा निराशा होईल. दगडी कमान, हातगाड्या, रिक्षांची गर्दी, भाजीवाल्यांच्या आरोळ्या. भाच्यानं आजूबाजूला पाहून विचारलं, "हेच?" हो, हेच. 6 एप्रिल 1996 रोजी आसपासच्या खेड्यांतली माणसं इथं येऊन बसली आणि चाळीस दिवस उठली नाहीत. पागोटी घातलेले म्हातारे, घुंगट घेतलेल्या बाया, कडेवर पोरं. त्यांना कर्जमाफी नको होती, आरक्षण नको होतं, जमीनही नको होती. त्यांना फोटोकॉपी हवी होती. आपण ज्याला झेरॉक्स म्हणतो, ती.

ही मागणी कुठून आली, ते समजायला ब्यावरहून आणखी दक्षिणेला जावं लागतं.

देवडुंगरीची झोपडी

नाथद्वाऱ्याच्या रस्त्यावर जवाजा मागे पडलं की राजसमंद जिल्ह्यातलं भीम येतं आणि भीमजवळच देवडुंगरी हे लहानसं गाव आहे. जमीन खडकाळ, पाऊस बेभरवशाचा. शेतीवर वर्ष निघत नाही, त्यामुळे दुष्काळी कामांवर खडी फोडायला, तळी खणायला जाणं हाच आधार. 1987 साली इथल्या एका मातीच्या घरात तीन जण राहायला आले : भारतीय प्रशासन सेवेतली नोकरी सोडून आलेल्या अरुणा रॉय, परदेशातलं शिक्षण सोडून परतलेले निखिल डे, आणि याच भागातले, कठपुतळ्या नाचवत लोकांना हसवणारे शंकर सिंह, आपल्या कुटुंबासह. पुढे 1 मे 1990 रोजी मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली.

सुरुवातीचा प्रश्न मजुरीचा होता. दिवसभर राबल्यावर ठरलेल्या किमान मजुरीपेक्षा कमी पैसे हातात पडायचे. विचारलं की उत्तर ठरलेलं : तुम्ही काम कमी केलं, तसं मोजमाप पुस्तिकेत लिहिलं आहे. पुस्तिका दाखवा म्हटलं की : ती सरकारी कागदपत्रं आहेत, गुप्त आहेत. सगळी गोम इथं होती. मजूर खरं बोलतोय की मुकादम, हे ठरवणारा कागद ज्याच्या पेटीत, तोच खरा. आपल्याकडे म्हण आहे ना, झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ झाकलेली असली की आत काय आहे ते मूठवालाच सांगणार.

इथं महाराष्ट्राचा एक धागा आहे. काम मागणाऱ्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी, हा विचार वि. स. पागे यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रात आधी रुजला आणि 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला. देशभरचा कायदा यायला 2005 उजाडलं. त्या देशव्यापी कायद्यात एक भर पडली, ती राजस्थानच्या या खेड्यांतून आलेली : झालेल्या कामांचं सामाजिक लेखापरीक्षण ग्रामसभेनं करायचं. म्हणजे काम देण्याची हमी आपल्या बाजूनं गेली आणि हिशेब मागण्याची रीत अरवलीतून आली.

मांडवाखालचं वाचन

डिसेंबर 1994 मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना या गावी पहिली जनसुनवाई झाली. जनसुनवाई म्हणजे कोर्ट नव्हे आणि मोर्चाही नव्हे. पंचायतीच्या कामांचे मिळतील ते कागद, म्हणजे हजेरीपट, बिलं, मोजमाप, आधी मिळवायचे. मग कार्यकर्ते ते घेऊन घरोघर फिरतात. "या यादीत तुमचं नाव आहे, अमुक दिवस काम केलं, अमुक पैसे घेतले असं लिहिलंय, बरोबर?" शेवटी ठरलेल्या दिवशी उघड्यावर मांडव घालतात, बाहेरगावच्या जाणत्या माणसांना बोलावतात, सरपंच आणि अधिकाऱ्यांनाही बोलावणं जातं, त्यांना उत्तर द्यायची पूर्ण मुभा असते. आणि मग माइकवर कागद वाचला जातो. एकेक ओळ.

कल्पना करा. हजेरीपटावरचं नाव वाचलं जातं आणि गर्दीतून आवाज येतो की हा माणूस तर गावात राहतच नाही. पुढचं नाव येतं, तो वारून काही वर्षं झालेली. एक इमारत कागदावर पुरी झालेली असते आणि सगळ्या गावाला ठाऊक असतं की ती अर्धवट आहे. आत्तापर्यंत हे सगळे जण आपापल्या घरात कुजबुजत होते. आता तेच शब्द सर्वांसमोर, नावानिशी, कागद हातात धरून बोलले जातात. लिहिता-वाचता न येणारी बाई लेखापरीक्षक होते, कारण त्या रस्त्यावर खडी कुणी टाकली हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

यात सगळंच भांडणाचं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. 1998 साली कुकरखेड्याच्या सुनवाईत तिथल्या महिला सरपंचांनी गैरव्यवहाराची रक्कम सर्वांसमक्ष परत करायचं मान्य केलं. उलट राजसमंद जिल्ह्यातल्याच जनावद पंचायतीची कागदपत्रं मिळवायला गावकऱ्यांना जवळजवळ वर्षभर झगडावं लागलं आणि 2001 मध्ये ती वाचली गेली तेव्हा कागदावरची काही कामं जमिनीवर सापडलीच नाहीत. कर नाही त्याला डर कशाला, असं आपण सहज म्हणतो. दार किती घट्ट लावून घेतलंय त्यावरून आतलं थोडंफार कळतंच.

चाळीस दिवस

या सुनवायांची चर्चा जयपूरपर्यंत गेली. एप्रिल 1995 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत आश्वासन दिलं की पंचायतींच्या कामांची कागदपत्रं लोकांना मिळतील. वर्तमानपत्रात ठळक बातमी आली. वर्ष उलटलं, पण ग्रामसेवक म्हणायचा, मला वरून आदेश नाही. तेव्हा लोक चांग गेटला येऊन बसले. ज्या दिवशी बसले त्याच दिवशी सरकारनं आदेश काढला : कागद बघता येतील, पण फोटोकॉपी मिळणार नाही.

भाचा म्हणाला, "मग काय बिघडलं? बघून घ्यायचं ना."

शाळेत वही बघायला मिळणं आणि वही घरी नेता येणं, यात फरक असतोच. साहेबाच्या टेबलासमोर उभं राहून पंधरा मिनिटांत दोनशे नावं कोण पाठ करणार? आणि उद्या साहेब म्हणाला की असं काही नव्हतंच, तर पुरावा काय? हातात शिक्क्याची प्रत असेल तरच गरीब माणूस आणि अधिकारी एका पातळीवर उभे राहतात. म्हणून लोक उठले नाहीत.

तो 1996 चा लोकसभा निवडणुकीचा हंगाम होता. एकीकडे मतं मागणाऱ्यांचे भोंगे आणि दुसरीकडे ही माणसं हिशेब मागत बसलेली. खेड्यांतून घराघरातलं धान्य आलं. लोक पाळीपाळीनं यायचे, आपला वाटा बसून परत शेतावर जायचे. ब्यावरकरांनीही त्यांना परकं मानलं नाही. भाजीवाल्यांनी भाजी दिली, कामगार संघटना, व्यापारी, वकील येऊन बसले. 14 एप्रिलला तिथंच आंबेडकर जयंती झाली, 1 मेला तिथंच कामगार दिन. गाणी, नाटुकली, कठपुतळ्या यांना तर खंड नव्हता. शंकर सिंह यांची 'घोटाळा रथयात्रा' नावाची नक्कल पुढे फार गाजली. रथयात्रांच्या काळात एक खोटा पुढारी छाती ठोकून सांगतो की घोटाळा करणं हा माझा हक्कच आहे!

तिळपट्टी घेताना दुकानातल्या वयस्कर गृहस्थांना मी त्या दिवसांबद्दल विचारलं. ते हसले. सुरुवातीला बाजारातल्या लोकांना वाटलं होतं की दोन दिवस बसतील आणि जातील. "फिर समझ में आया, बात तो हमारी भी है," असं म्हणून त्यांनी पट्टीचे दोन तुकडे जास्तीचे हातावर ठेवले. व्यापाऱ्याला हिशेबाची भाषा लवकर कळते.

इंदूरच्या वाचकांसाठी आणखी एक दुवा. ही बातमी देशाच्या कानावर घालणाऱ्यांत 'जनसत्ता'चे संस्थापक संपादक प्रभाष जोशी होते, आपल्या माळव्याचेच, इंदूरच्या 'नई दुनिया'त घडलेले. ते चांग गेटला आले आणि 'हम जानेंगे, हम जिएंगे' या घोषणेच्या शीर्षकाचा त्यांचा लेख गाजला. दुसरी घोषणा होती : 'हमारा पैसा, हमारा हिसाब'. त्याच सुमारास दिल्लीत पत्रकारांनी सुशीला या चौथीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्तीला विचारलं की तुम्हाला माहितीचा अधिकार कशाला हवा. तिचं उत्तर साध्या घरातलं होतं : मुलाला दहा रुपये देऊन बाजारात पाठवलं तर परत आल्यावर मी हिशेब विचारते, मग सरकार माझ्या नावानं एवढा पैसा खर्च करतं, त्याचा हिशेब विचारू नको का?

चाळीस दिवसांनी समिती नेमायचं आश्वासन मिळालं. पुढच्या वर्षी जयपूरला पुन्हा त्रेपन्न दिवस बसावं लागलं. आणि त्याच्या शेवटी सरकारनं जाहीर केलं की फोटोकॉपी देण्याचा नियम तर राजपत्रात काही महिन्यांपूर्वीच छापला आहे! माहितीच्या अधिकाराचा आदेशच कुणाला माहीत नव्हता. भाचा रस्त्यात थांबून मोठ्यानं हसला. संपूर्ण प्रवासात त्याला सर्वांत पटलेली गोष्ट बहुधा हीच असावी, कारण कचेरीचा हा नमुना त्याच्या ओळखीचा होता.

गावापासून देशापर्यंत

पुढचा प्रवास वेगानं झाला. तमिळनाडू आणि गोवा या राज्यांनी 1997 साली आपापले कायदे केले. गोव्यातल्या आपल्या वाचकांना याचा अभिमान वाटायला हरकत नाही. राजस्थान आणि कर्नाटकाचे कायदे 2000 चे. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर 2002 मध्ये प्रभावी कायदा आला. शेवटी संसदेनं केलेला माहितीचा अधिकार कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्णपणे लागू झाला. साधा कागद, केंद्र सरकारकडे अर्ज असेल तर दहा रुपये शुल्क, आणि तीस दिवसांत उत्तर. कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. माहिती का हवी, हे सांगावं लागत नाही. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला शुल्कही नाही.

या कायद्याचं चौथं कलम मला सगळ्यात आवडतं. त्यात म्हटलंय की लोकांनी मागायची वाट न बघता कार्यालयांनी माहिती आपणहून जाहीर करायची. भीम-देवगड भागात त्याचं रूप भिंतीवर दिसतं. विजयपुरा पंचायतीच्या माहितीच्या भिंती प्रसिद्ध आहेत : कुणाला काय मिळालं, कोणत्या कामावर किती खर्च झाला, रंगानं लिहिलेलं. 2019 पासून राजस्थान सरकारचं जन सूचना पोर्टल हेच काम मोबाइलवर करतं. भिंतीचा फायदा असा, की नाव वाचायला नेटवर्क लागत नाही आणि खोटं नाव रंगवायला धाडस लागतं, कारण शेजारी रोज तिथूनच जातो.

सगळं गोड झालंय असं मात्र मुलांना सांगू नये. प्रश्न विचारणाऱ्यांना किंमत मोजावी लागली. पुण्याजवळच्या तळेगाव दाभाडे इथं जमिनींचे गैरव्यवहार उघड करणाऱ्या सतीश शेट्टी यांची जानेवारी 2010 मध्ये हत्या झाली. माहिती आयोगांमध्ये पदं रिकामी राहतात, अपिलं तुंबतात. 2019 च्या दुरुस्तीनं आयुक्तांची मुदत आणि वेतन ठरवणं केंद्र सरकारच्या हातात गेलं, आणि 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं माहिती नाकारण्याची एक वाट रुंद केली, असा कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे. उघडलेली मूठ पुन्हा मिटू पाहते. ती उघडी ठेवणं हे रोजचं काम आहे, घर झाडण्यासारखं.

परतीच्या वाटेवर भाच्यानं जो प्रश्न विचारला, तो मला महत्त्वाचा वाटला. "पण मामा, हे लोक तर सरकारवर अविश्वासच दाखवत होते ना? मग विश्वास वाढला कसा?"

माझं उत्तर असं होतं. ज्याचा विश्वास पार उडालेला असतो तो हिशेब मागत नाही. तो खांदे उडवतो, ओळख शोधतो किंवा पैसे चारतो. चाळीस दिवस उन्हात बसून कागद मागणारा माणूस मनातून म्हणत असतो की ही पंचायत माझी आहे, हे सरकार माझं आहे, म्हणून मी विचारणार. किराणावाल्यावर आपला भरवसा असतो, तो काही त्याच्या चेहऱ्याकडे बघून नव्हे. तराजू समोर असतो आणि बिल हातात मिळतं, म्हणून. सरकारी संस्थांवरचा विश्वासही असाच बसतो. डोळे मिटून ठेवा म्हटल्यानं तो बसत नाही, आणि सगळे चोर म्हटल्यानं तर दुकानच बंद पडतं. तराजू समोर आणावा लागतो.

भाच्याला हे सगळं पटलं असं मी म्हणणार नाही. "बघू," एवढंच तो म्हणाला. पण घरी आल्यावर आमच्या वॉर्डातल्या वर्षभर खणून ठेवलेल्या रस्त्याचा ठेका कुणाला, किती रकमेचा आणि काम संपायची तारीख कोणती, असे तीन प्रश्न त्यानं एका कागदावर लिहिले. अर्ज गेला आहे. उत्तर यायचं आहे.

आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत कोषाध्यक्ष ताळेबंद वाचतात, तेव्हा तरुण मंडळी हळूच बाहेर सटकतात आणि जेवणाच्या वेळी परत येतात. पुढच्या सभेला जरा थांबून बघा. कुणीतरी मांडव, केटरर, विजेचं बिल असं वाचत असतं आणि एखादे आजोबा हात वर करून विचारतात की मागच्या वर्षीपेक्षा हा खर्च दुप्पट कसा. कंटाळवाणं वाटतं खरं. पण कोट किरानाच्या मांडवाखाली झालं ते याहून फार वेगळं नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं : ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मुक्काम अजमेरला करून ब्यावर सकाळी गाठावं, दुपारी भीमच्या रस्त्याला लागावं. नाथद्वाऱ्याला जाणारच असाल तर वाट वाकडी करावी लागत नाही. चांग गेटला जाताना पोटभर खाऊन जाऊ नका, बाजारात कचोरी गरम मिळते. थंडीत तिळपट्टी अवश्य घ्या, कागदासारखी पातळ, तोंडात विरघळणारी. आणि वाटेत एखाद्या पंचायतीपाशी गाडी थांबवून भिंतीवरची नावं आणि आकडे मुलांना मोठ्यानं वाचायला सांगा.